बारीक सुया

त्या वर्षांत पुण्यातून अमेरिकेला निघालेल्या घरांत सगळ्यात शेवटी उरायचा तो कुत्रा. फ्रीज विकला जायचा, सोफा मेहुण्याकडे जायचा, कुंड्या शेजाऱ्यांच्या गळ्यात पडायच्या, आणि विमानाच्या आदल्या आठवड्यात कंपनीच्या मेल-ग्रुपवर मजकूर यायचा: 'लॅब्राडोर, मादी, अतिशय प्रेमळ. ऑनसाइट जात असल्याने चांगल्या घरी देणे आहे.' जेवणाच्या सुट्टीत मी असले मेल चवीनं वाचायचे. 'खेळकर' म्हणजे सोफा फाडतो, 'शांत' म्हणजे म्हातारा झालाय, आणि वय लिहिलेलंच नसलं तर काहीतरी दुखणं लपवलंय, एवढं मला अनुभवानं कळायला लागलं होतं.

मी मूळची विदर्भातली. शिकायला पुण्यात आले आणि आयटीच्या नोकऱ्या सुरू झाल्या तशी इथलीच झाले. धायरीत भाड्यानं राहायचे, कंपनीच्या बसनं हिंजवडीला जायचे आणि दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचे. याचा मला पगार मिळतो हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे तं तू घरी फुकटच करत होती." खोटं नव्हतं. एखादी गोष्ट बिघडली की ती का बिघडली हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. ती आपोआप दुरुस्त झाली तर आणखीच पडत नाही.

कुत्र्यांच्या भानगडीत मी याच स्वभावापायी पडले. सदाशिव पेठेत एका बोळात जनावरांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. रस्त्यावरचं एक लंगडं पिल्लू घेऊन मी तिथे गेले आणि त्याचं हाड वाकडं का जुळलं याविषयी इतके प्रश्न विचारले की बाई म्हणाल्या, "शनिवारी मोकळ्या असाल तर या. प्रश्न तुम्ही लोकांना विचारा, मला काम करू द्या." त्यांच्याकडे लोकांनी सोडून दिलेली कुत्री येत. धडधाकट कुत्र्याला घर मिळायला वेळ लागत नसे. घोळ असायचा तो आजारी कुत्र्यांचा. कुणाला फिट्स यायच्या, कुणाची किडनी गेलेली असायची, कुणाच्या खुब्याचं महागडं ऑपरेशन करायचं असायचं. त्यांच्यासाठी घरं शोधणं हे माझं शनिवारचं काम होऊन बसलं.

खरं सांगायचं तर मला कुत्र्यांइतकंच माणसांचंही कुतूहल होतं. मोठ्या पगाराची माणसं आजार ऐकून 'घरी विचारून सांगतो' म्हणायची आणि पुन्हा दिसायची नाहीत, ते समजण्यासारखं होतं. पण मधूनच कुणीतरी यायचं, ज्याला याची काही गरज नाही असं, आणि 'बरं, द्या' म्हणायचं. ते का म्हणतं, हे मला काही केल्या कळायचं नाही. विचारलं तर तेही धड सांगायचं नाही.

ती लॅब्राडोर आमच्याकडे गाडीतून आली. बरोबर गादी, शांपू, खेळणी, दातांचा ब्रश, सगळं होतं. मालक तरुण जोडपं होतं. निघता निघता बाई सहज म्हणाली, "पाणी जरा जास्त पिते." डॉक्टरबाईंनी लगेच रक्त तपासलं. मधुमेह निघाला. म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर इन्शुलिनचं इंजेक्शन, वरचेवर तपासण्या, आणि हे तिच्या आयुष्यभर. महिन्याचा खर्च माझ्या भाड्याच्या आसपास गेला असता. साखर चढीच राहिली तर कुत्र्यांचे डोळे फार लवकर जातात, हेही बाईंनी सांगितलं. मी मालकांना मेल केला. तोवर ते अमेरिकेत पोचले होते. उत्तरात एक ओळ आणि एक रडका पिवळा चेहरा आला.

कुत्री मात्र अगत्यशील होती. दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिची सोय केली होती, पण येणाऱ्या प्रत्येकाला ती घरच्या यजमानिणीसारखी दारापर्यंत सोडायला जायची आणि तो गेला की थोडा वेळ तिथेच उभी राहायची.

मधुमेही कुत्रं घ्यायला कुणी आलं की बाईंची एक रीत होती. त्या माणसाच्या हातात एक संत्रं द्यायच्या आणि मिठाचं पाणी भरलेली सिरिंज. "टोचून दाखवा." संत्र्याची साल आणि कुत्र्याची कातडी हाताला साधारण सारखीच लागते, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडच्या फळाचा हा उपयोग मला नवीन होता. या परीक्षेत भले भले गळाले. एका मॅनेजरच्या हातातून संत्रं दोनदा निसटून टेबलाखाली गेलं. एका जोडप्याचं कोण टोचणार यावरून तिथेच वाजलं. एक मुलगा यशस्वीपणे टोचून म्हणाला, "याची गोळी नसते का?"

ज्यांना मी पुढे काका म्हणायला लागले, ते कुत्रं घ्यायला आलेच नव्हते. ते पलीकडच्या बोळात राहायचे, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, मुलगा अमेरिकेत. ते आले होते तक्रार करायला, की संध्याकाळी बरोब्बर त्यांच्या जेवणाच्या वेळेला इथलं एक कुत्रं भुंकतं. बाई तेव्हा तिला इंजेक्शनच देत होत्या. काका हाताची घडी घालून बघत राहिले.

"ही या वेळेला का भुंकते?"

"जेवणाची वेळ होते तिची. त्यानंतर इन्शुलिन."

"सकाळीपण?"

"सकाळीपण."

"माझंही तेच आहे," काका म्हणाले आणि तक्रार अर्धवट टाकून निघून गेले.

पुढच्या शनिवारी ते परत आले. "घरात एक माणूस रोज दोनदा टोचून घेतोच आहे. आणखी एक आलं तर वेगळी तयारी करायला नको की काही नको." बाईंनी संत्रं पुढे केलं. ते काकांनी पिशवीत टाकलं. "संत्र्याला मधुमेह नाही," म्हणाले, आणि बाईंच्या हातातली खरी सिरिंज घेऊन त्यांनी कुत्रीच्या मानेमागची कातडी चिमटीत धरली. तिला कळलंसुद्धा नाही. ती ताट चाटत होती.

त्यांचं घर बघायला मी गेले. दुसरा मजला, दोन खोल्या, लख्ख. काकूंनी मला पोहे दिले आणि स्पष्ट सांगितलं, "मला काही कुत्र्यांचं वेड नाही. पण ह्यांना बोलायला कुणीतरी हवंच होतं. मी थकले." मी आमचा नियम सांगितला. तब्येत नीट राखली गेली नाही तर आम्ही कुत्रं परत नेतो. "चांगला नियम आहे," काका म्हणाले. "मुलांच्या बाबतीतही असायला हवा होता."

सुरुवातीचे दिवस छान गेले. साखर ताब्यात आली, अंग भरलं, कातडीला तकाकी आली. काका तिला फिरवायला न्यायचे तेव्हा दोघं एका चालीनं चालायची. मी बाईंना म्हटलं, हे आपलं सगळ्यात चांगलं जमलेलं स्थळ.

मग साखर चढायला लागली. आधी थोडी, मग बरीच. कुत्री परत पाणी पाणी करायला लागली, फासळ्या दिसायला लागल्या. बाईंनी डोस थोडा वाढवला. काही उपयोग झाला नाही. एका शनिवारी त्यांनी तिच्या डाव्या डोळ्यात टॉर्च मारला आणि मला बोलावून दाखवलं. बाहुलीत साय धरल्यासारखं पांढुरकं दिसत होतं.

"खायला घालतायत तिला," बाई म्हणाल्या. "गोड. दुसरं काही असू शकत नाही. पुढच्या तपासणीला असंच निघालं तर घेऊन या परत. दुसरा डोळा तरी वाचवू."

परत म्हणजे मागची खोली. डोळा गेलेली, मधुमेही कुत्री तिथून पुन्हा कुणी नेणार नव्हतं, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होतं. मला ती तिथे नको होती. पण आंधळी झालेलीही नको होती.

माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. काय बदललं? त्याचं उत्तरही ठरलेलंच असतं. आमच्या कंपनीतला प्रत्येक माणूस तेच देतो. काकाही म्हणाले, "काहीही बदललेलं नाही."

मी विश्वास ठेवला नाही. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर क्लास चालायचा आणि त्याची मुलं जिन्यात बसून बिस्किटं खायची. कुत्री त्यांना शिष्टाचारानं दारापर्यंत सोडायला जात असणार आणि तीही तिला रिकाम्या तोंडी परत पाठवत नसणार. काकांना हे सांगितलं तर दुसऱ्या दिवशी जिन्यात पाटी लागली: 'कुत्रीस मधुमेह आहे. लाड करावयाचे असल्यास स्वतःचे करावेत.' बिस्किटं थांबली. साखर थांबली नाही.

मग मी काकूंवर संशय घेतला. आडून आडून विचारलं, नैवेद्याचं काही, उरलेला शिरा वगैरे? काकू दुखावल्या. "अहो, ह्यांच्यापायी या घरात मी चहा बिनसाखरेचा पिते. आणि कुत्रीला शिरा घालीन?" मग मला वाटलं औषधच खराब असेल. दिवे जातात, फ्रीज बंद पडतो. नवी बाटली आणवली. तेच.

"काका, तुमची साखर कशी आहे?"

"उत्तम. त्याच दुकानातलं, त्याच कंपनीचं औषध. वेळही तीच. मी ठणठणीत आणि ही अशी."

हे ऐकल्यावर मला कामातही लक्ष लागेना. एकच औषध, एकच घर, टोचणारा हात एकच. एका शरीरात काम करतं, दुसऱ्यात करत नाही. बसमध्ये, जेवताना, मीटिंगमध्ये मी तेच घोळवत राहायचे.

पुढची तपासणीही वाईट निघाली. बाई म्हणाल्या, "आता पुरे." रविवारी सकाळी मी पट्टा घेऊन काकांच्या घरी गेले. दारात काकूंनी पट्ट्याकडे बघितलं आणि त्या आत गेल्या. काकांना मी म्हटलं, "नेण्याआधी एकदा मला सगळं बघू द्या. तुम्ही रोज करता तसंच करा. मी बोलणार नाही."

"तुम्हाला ते जमेल का?" काका म्हणाले.

त्यांनी आधी तिला जेवायला घातलं. भात, उकडलेलं चिकन, दुधी. सगळं मोजून, बाईंनी सांगितलेलं. ती खाईस्तोवर त्यांनी स्वतःचं इंजेक्शन भरलं. लाल टोपणाची साधी सिरिंज, आपल्याकडे कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळते ती. पोटाला टोचताना त्यांचा चेहरा वाकडा झाला. मग ते उठले, कपाट उघडलं आणि आतून एक चकचकीत पांढरा डबा काढला. त्यातल्या सिरिंजला केशरी टोपण होतं. सुई इतकी बारीक की मला चष्मा पुसून बघावं लागलं.

"काका, ही वेगळी आहे."

"सुई वेगळी. औषध तेच."

"ही कुठून आली?"

"मुलानं पाठवली. त्याचा मित्र येत होता त्याच्याबरोबर. तिकडे चांगल्या मिळतात."

"कधी?"

त्यांनी आठवून सांगितलं. साखर चढायला लागली त्याच्या थोडं आधी.

"तुम्ही म्हणालात काहीच बदललेलं नाही."

"औषध बदललेलं नाही. वेळ बदललेली नाही. आकडा बाईंनी सांगितलेलाच. सुई बारीक झाली, हा बदल नव्हे. ही सुधारणा आहे."

मी दिवसभर करते काय, तर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी इथे लिहिलेले प्रोग्रॅम तपासते. तिकडे महिना आधी लिहितात आणि तारीख नंतर. आकडे तेच, पण कुणाचं तरी बिल भलत्याच महिन्यात जातं. मी काकांच्या हातातली सिरिंज मागून घेतली. लाल टोपणाची एक घेतली. काकूंकडून दोन चमचे आणि वाटीभर पाणी मागितलं. दोन्ही सिरिंजमध्ये एकाच आकड्यापर्यंत पाणी भरलं आणि एकेका चमच्यात रिकामं केलं. लाल टोपणाच्या सिरिंजमधून निघालेलं पाणी चमच्यात पसरलं. केशरीमधून जेमतेम एक थेंब पडला.

आम्ही तिघं त्या चमच्यांवर वाकून बघत होतो. कुत्रीही आली आणि तिनं मान वर केली.

मग मी डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचली. तिकडचं इन्शुलिन दाट असतं आणि या सिरिंजवरच्या रेघा त्या दाटपणाच्या हिशेबानं आखलेल्या असतात. काका वापरायचे ती आपल्याकडची बाटली पातळ औषधाची. त्या रेघांनी पातळ औषध मोजलं की आकडा बरोबर यायचा आणि औषध निम्म्याहून कमी जायचं. मला कारण सापडलं होतं. असं कारण सापडलं की मला नेहमी आत कुठेतरी लखलखल्यासारखं होतं. ते झालंच, आणि मग काकांचा चेहरा दिसला.

ते खुर्चीवर बसले होते. "आकड्यापुढे एकक लिहिलं नाही की मी मुलांचा अर्धा गुण कापायचो," ते म्हणाले. "ओरडायचो वर." मग त्यांनी विचारलं, "इतके दिवस हिला त्रास होत असेल?"

मला खोटं बोलता आलं असतं. "तहान लागत असणार सारखी," मी म्हटलं. "अशक्त वाटत असणार."

"आणि डोळा?"

मी बाईंना फोन लावला. सगळं ऐकून बाई म्हणाल्या की डावा डोळा आता परत येणार नाही, उजवा टिकू शकेल. आजपासून साध्या सिरिंजनं द्या, आणि वाढवलेला नको, पहिलाच डोस. मी तसं काकांना सांगितलं. ते उठले, मी खुर्चीच्या पाठीला अडकवलेला पट्टा त्यांनी घेतला आणि स्वतःच तिच्या गळ्यात घातला. फिरायला जायचंय असं वाटून ती शेपूट हलवायला लागली.

"न्या," काका म्हणाले. "नियम आहे."

मला राग आला. त्यांचा नाही, कुणाचा तेही सांगता येणार नाही. चूक सापडली होती, दुरुस्त होण्यासारखी होती, आणि हा माणूस कुत्री माझ्या हातात देऊन मोकळा होत होता. पण त्याहून मोठं म्हणजे मला एक गोष्ट अजून कळलेली नव्हती, आणि ती कळल्याशिवाय मी त्या घरातून हलणार नव्हते.

"काका, मुलानं सुया पाठवल्या त्या तुमच्यासाठी ना?"

"हो."

"मग तुम्ही का नाही वापरल्या? लाल टोपणाची दुखते तुम्हाला. आत्ता मी बघितलं."

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनाही हे माहीत नव्हतं, चेहऱ्यावरून कळत होतं. दर रविवारी मुलगा फोनवर विचारायचा, बाबांना सुया बऱ्या पडतात ना, आणि काका सांगायचे, उत्तम.

काकांनी खिडकीकडे बघत उत्तर दिलं. "मला दुखलं तर मी हिच्यावर खेकसतो." हिच्यावर म्हणजे काकूंवर. "ती कुणावर खेकसणार?"

कितीतरी शनिवार मी लोकांना विचारत आले होते, तुम्हाला आजारी कुत्रं का हवंय, आणि कुणी नीट सांगितलं नव्हतं. मी खाली बसून पट्ट्याची कडी सोडली. ती पट्कन सुटत नव्हती आणि मला दिसतही नव्हतं नीट. "मी नेत नाही," म्हटलं. "हिचं इंजेक्शन राहिलंय. ते द्या."

"तुम्ही द्या."

"मी संत्र्यालाच देते. तुम्ही द्या."

काकांनी लाल टोपणाची सिरिंज घेतली. औषध भरलं, उजेडात धरलं, मला दाखवलं, पुन्हा स्वतः बघितलं, मग काकूंनाही दाखवलं. डावा डोळा तिचा गेलाच पुढे, उजवा मात्र शेवटपर्यंत शाबूत राहिला, आणि ती त्या घरात म्हातारी झाली. पण त्या सकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती सवयीनं त्यांच्या गुडघ्याशी पाठमोरी येऊन उभी राहिली.

सुई जाड होती. ती दचकली, बारीकसं कुंई केलं आणि वळून त्यांच्याकडे बघायला लागली. काकांनी सुई बाजूला ठेवली आणि तिच्या मानेवर हात ठेवला.

"चुकलं माझं," ते तिला म्हणाले.

काकू दोन्ही चमचे घासायला घेऊन निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या. "इतकी वर्षं संसार केला," त्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं ह्यांना हे म्हणताच येत नाही."